अठरा किलो

निरोप साधाच होता. एक म्हातारी सकाळी हट्टानं पायी चढून चर्चला गेली, वर तिचे गुडघे धरले, आता उतरवत नाही. डोली घेऊन या. फादरांनी वरून फोन केला तेव्हा दुपारचे दोन वाजत होते. जेवण नुकतंच झालं होतं आणि साडू भिंतीला टेकून डुलक्या काढत होता.

“ऊठ,” तराजूनं त्याला पायानं ढोसलं. “जाताना रिकामी, येताना म्हातारी. याहून सोपं काम देव देणार नाही.”

“म्हाताऱ्या दिसायला हलक्या असतात दादा,” साडू डोळे न उघडता म्हणाला. “तोंड सुरू झालं की जड होतात.”

हे दोघे त्या टेकडीवरचे डोलीवाले. तराजूचं खरं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. सव्वीस वर्षं डोली वाहून त्याच्या उजव्या खांद्यावर मुठीएवढा घट्टा आला होता, आणि त्या घट्ट्याला अक्कल होती. माणूस बसलं, दांडा खांद्यावर आला, की हा वजन सांगायचा. चुकला तर अर्ध्या किलोनं. जाड्या बायका रागवायच्या, पुरुष पैज लावायचे आणि पुढच्या वर्षी येऊन गुपचूप मान डोलवायचे. साडू हा त्याच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तराजू त्याला साडू म्हणायचा, म्हणून सगळी टेकडी, अगदी फादरसुद्धा, त्याला साडूच म्हणत.

त्यांची डोली म्हणजे एक लांब जाड दांडा आणि त्याला दोरांनी टांगलेली पाठीची खुर्ची. खुर्चीला चार आखूड पाय, टेकवता यावी म्हणून. एक जण पुढे, एक मागे. पुढचा वाट बघतो, मागचा माणसाला बघतो. पुढच्याला डोलीत कोण आहे ते खांद्यावरूनच कळतं. तराजू कायम पुढे असायचा.

टेकडीला नऊशे चौदा पायऱ्या. माथ्यावर मातेचं चर्च, बुटकं, जाड भिंतींचं, खिडक्या इतक्या लहान की आत भर दुपारी मेणबत्त्या लागायच्या. लांबलांबून लोक येत. ओसरीत बरे होऊन गेलेल्यांच्या कुबड्या टांगलेल्या होत्या. त्यांच्या शेजारी नवसाचे मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची एवढी एवढी बाळं. वारा आला की ती एकमेकांवर आपटून फार हळू वाजायची. तिथं मेणाचा, ओल्या दगडाचा आणि शिळ्या फुलांचा असा मिसळून एक वास यायचा, आणि खाली उतरून आंघोळ केली तरी तो कपड्यांत राहायचा.

आणि चर्चच्या खाली, सहाशे सतरा पायऱ्या चढल्यावर, एक सपाटी होती. तिथं एकोणीस दगड गोलात उभे होते, प्रत्येक पुरुषभर उंच. कडेला एक झरा. ते दगड कुणी उभे केले, कशासाठी, कुणालाच ठाऊक नव्हतं. चर्च चारशे वर्षांचं, आणि चर्चच्या पहिल्या कागदातसुद्धा त्यांना ‘जुने दगड’ म्हटलं होतं. अख्ख्या टेकडीवर बसायला याहून चांगली जागा नव्हती. सपाट, सावली, पाणी. तरी डोलीवाले सगळीकडे खांदा बदलत आणि तिथं बदलत नसत. नव्या पोरांनी कारण विचारलं की जुने सांगत, वारा लागतो. वारा तिथं कधीच नसायचा.

तराजूनं तिथं एकदा डोली टेकवली होती. ते त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं.

दोघं रिकामी डोली घेऊन चढायला लागले. हंगाम संपत आला होता. तीन दिवसांपासून ढग टेकडीवर बसला होता, तो उठायचं नाव घेत नव्हता. दोनशे पायऱ्यांनंतर पुढच्या दहा पायऱ्या तेवढ्या दिसायच्या. दगडांपाशी आले तेव्हा दगड दिसलेच नाहीत. धुकं मात्र तिथं अडकल्यासारखं दाट होतं.

वर म्हातारी ओसरीतल्या बाकावर शाल लपेटून बसली होती. फादरांनी तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं. दांडा खांद्यावर आला.

“चाळीस,” तराजू म्हणाला. “शाल ओली आहे, तिचं अर्धा किलो वेगळं.”

म्हातारी खुदकन हसली. “सुनेला सांगा. ती म्हणते मी फार खाते.”

उतरण सुरू झाली. तराजू पुढून हाका देत होता. “पायरी… निसरडं… डावीकडे वळण…” मागून साडूचा हुंकार यायचा. म्हातारी नातवंडांचं काहीबाही सांगत होती. सगळं रोजच्यासारखं चाललं होतं. मग धुकं दाट झालं, झऱ्याचा आवाज आला, आणि म्हातारी बोलता बोलता मधेच गप्प झाली.

त्याच वेळी साडूचा पाय सटकला.

“दादा, टेकव! टेकव!”

दुसरा इलाज नव्हता. खुर्चीचे चारही पाय खट्कन दगडी सपाटीवर टेकले. साडू गुडघा चोळत बसला. “काही नाही, मुरगळलाय थोडा. एक मिनिट दे.”

तराजू पाठ फिरवूनच उभा राहिला. त्याला त्या दगडांकडे बघायचं नव्हतं. झरा वाजत होता. बाकी इतकी शांतता की शालीची सळसळसुद्धा ऐकू आली.

“सरकते हं मी,” मागे म्हातारी म्हणाली. लाडानं, हळू. “बस, बस. होईल दोघींना.”

“आजी, कुणाशी बोलताय?” साडूनं विचारलं.

म्हातारी खुर्चीत एका कडेला सरकली.

“उचल,” तराजू घोगऱ्या आवाजात म्हणाला.

दांडा खांद्यावर आला. अठ्ठावन्न. खांद्यानं आपोआप हिशेब केला, त्याला विचारायलाही थांबला नाही. चाळीस आणि अठरा.

“दादा…” मागून साडू कुजबुजला. “जड का झाली?”

“चल.”

“डोलीत आजी एकटीच आहे… मी बघतोय…”

“चल म्हणतो ना.”

पुढची प्रत्येक पायरी तराजूनं खांद्यानं ऐकली. म्हातारी वळणावर आत झुकायची आणि तिच्यामागून, किंचित उशिरानं, ते दुसरं वजन झुकायचं. सरळ वाट आली की दांड्याला एक बारीक हेलकावा यायचा. एक, दोन. एक, दोन. कुणीतरी लोंबते पाय हलवत बसल्यासारखा. डोलीवाल्यांची पोरं असे पाय हलवतात आणि बापाच्या शिव्या खातात.

त्याची पोर हलवायची. चिमी. सात वर्षांची होती, अकरा वर्षांपूर्वी. तीन महिने तापानं झिजून अठरा किलोवर आली होती. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा त्यानं तिला डोलीत बसवून मातेकडे न्यायला घेतलं. त्या वेळी मागे एक म्हातारा जोडीदार होता, तो आता हयात नाही. दगडांपाशी आल्यावर चिमी म्हणाली, “बाबा, पाणी.” त्यानं डोली टेकवली. झऱ्याचं पाणी ओंजळीत आणून पाजलं. पुन्हा उचलली तेव्हा खांद्यावर तेच अठरा होते, पण वीसेक पायऱ्या चढल्यावर त्याला कळलं. जिवंत माणूस डोलीत बसलेलं असतं. मेलेलं नुसतं ठेवलेलं असतं. तिचे पाय हलत नव्हते. त्यानं मागे वळून बघितलं नाही. उरलेल्या पावणेतीनशे पायऱ्या तो तसाच चढला, आणि खाली येऊन बायकोला सांगितलं, “मातेच्या पायाशी गेली ती. डोकं टेकवलं आणि गेली.” जोडीदारानंही ते झाकून नेलं.

अकरा वर्षं बायको त्या एका वाक्यावर जगली होती.

डोली पायथ्याशी पोचली. म्हातारीची लेक, शाळेतली बाई, छत्री घेऊन उभी होती. तिनं आईला उतरवलं. म्हातारीनं जाता जाता तराजूच्या दंडावर थोपटलं आणि त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्या दोघांत काहीतरी गोड गुपित आहे. मग मायलेकी धुक्यात दिसेनाशा झाल्या.

“चल, टाकू घरी,” साडू म्हणाला आणि दोघांनी रिकामी डोली उचलली.

अठरा.

साडूनं दांडा टाकूनच दिला. खुर्ची धपकन खाली बसली आणि दोर कुरकुरले.

“मी हिला हात लावणार नाही.” त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. “दादा, हे वर ठेवून येऊ. आत्ताच्या आत्ता.”

“साडू, ऐक…”

“काय ऐकू? रिकामी खुर्ची आहे!”

“रिकामी नाही,” तराजू म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला. “माझी पोर आहे ती.”

साडूला त्यानं तिथंच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. साडूनं ऐकून घेतलं. मग तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाला, “दादा, वजन काय, कुणाचंही असतं. त्या दगडांत बसलेलं कुणीही असेल.” पण दांडा त्यानं उचलला. माणूस वाईट नव्हता.

तराजूची बायको चर्चच्या कपड्यांच्या धुण्या-इस्त्रीचं काम करायची. वेदीवरची पांढरी वस्त्रं, झालरी, फादरांचे झगे. दोन खोल्यांच्या घरात पुढची खोली त्यांनीच भरलेली असायची आणि खळीचा वास कधी जायचा नाही. दोघांनी डोली दारातून आत आणली तेव्हा ती एका लांब कापडाची कड इस्त्रीखाली सरळ करत होती.

“चिखलाची डोली घरात कशाला? माझे कपडे…”

“उचलून बघ,” तराजू म्हणाला.

“काय?”

“एकदा उचल.”

ती बघत राहिली. नवऱ्याचं तोंड बघून तिनं इस्त्री उभी केली, हात पुसले आणि वाकून खुर्चीच्या दोन्ही बाजूंना हात घालून ती उचलली, पाळण्यातलं मूल उचलावं तशी.

अर्ध्यावर ती थांबली.

तिचा चेहरा आधी मऊ झाला. तराजूनं तो मऊ झालेला बघितला, पुढे जन्मभर तो त्याच्या डोळ्यांपुढून गेला नाही. मग तिचे डोळे मोठे झाले. तिनं खुर्ची खाली ठेवली, पण हात मागे घेता येईना तिला. एक झटका देऊन तिनं ते सोडवून घेतले.

“अहो, हे काय आहे?”

“चिमी आहे.”

“चिमी मातेच्या पायाशी आहे.”

तेव्हा त्याला सांगावं लागलं. तो सांगत होता आणि ती उजव्या दंडाला डाव्या हातानं धरून उभी होती. त्याचं सांगून झाल्यावर ती ओरडली नाही, रडली नाही. तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

“अकरा वर्षं,” एवढंच म्हणाली. मग, “तरी ही ती नाही.”

“अग, वजन…”

“वजनाचं मला सांगू नका. शेवटच्या महिन्यात माझ्या पोरीच्या बोटांत पेला धरायचं बळ नव्हतं. मी पाजत होते तिला, तुम्ही नाही. आणि हिनं…” तिनं हात बाजूला केला. दंडावर बोटांचे वळ उमटले होते. पाच, लहान लहान, निळे पडत चाललेले. “हिनं मला हाडापर्यंत धरलं. हे माझं मूल नाही. जिथून आणलंत तिथं ठेवून या. उजेड आहे तोवर.”

“वहिनी बरोबर म्हणतात,” साडू दारातून म्हणाला.

“मीही येते,” ती म्हणाली. “तुमच्यावर आता माझा विश्वास नाही.”

या वेळी साडू पुढे झाला, तराजू मागे. ती दोघांच्या पुढे चालत होती, मागे न बघता. सव्वीस वर्षांत तराजूला डोलीतलं माणूस पहिल्यांदाच समोर दिसणार होतं, आणि समोर खुर्ची रिकामी होती. दोर ताणलेले होते. फळी वाकलेली होती. सगळीकडे धुकं वाहत होतं, दोरांमधून, दांड्याखालून, साडूच्या पाठीवरून. खुर्चीच्या आत तेवढं येत नव्हतं. तिथं एवढीशी जागा कोरडी राहिली होती.

“चिमे,” तो ओठांतल्या ओठांत म्हणाला.

हेलकावा थांबला होता. पाय हलत नव्हते. जसजसा झऱ्याचा आवाज जवळ येऊ लागला तसतसं ते वजन मागे, त्याच्या बाजूला, सरकायला लागलं. पाठीच्या फळीला पाठ लावून, आक्रसून बसावं तसं. शेवटच्या दहा पायऱ्यांना तर जवळजवळ सगळे अठरा किलो त्याच्या एकट्याच्या खांद्यावर होते.

“वर नेऊ या,” तो म्हणाला. “अग, चर्चपर्यंत नेऊ. तीनशेच पायऱ्या राहिल्यात.”

ती थांबली. धुक्यात तिची नुसती आकृती दिसत होती. “हे मातेच्या दारात नेऊन ठेवायचं? इथं. इथं ठेवा.”

साडूनं टेकवली. तराजूलाही टेकवावी लागली. खुर्चीचे पाय दगडाला लागले त्या क्षणी त्याच्या सदऱ्याची कड कशात तरी अडकल्यासारखी ओढली गेली. एकदा. पुन्हा एकदा, जोरात. मग सुटली.

“उचल,” साडू म्हणाला.

डोली पिसासारखी वर आली. साडू हसायलाच लागला, आणि हसता हसता हुंदके देऊ लागला. तराजूची बायको तोंडावर पदर घेऊन उभी होती. एकोणीस दगड आता स्पष्ट दिसत होते. धुकं त्यांच्यामधून हळूहळू निघून चाललं होतं.

तसेच ते वर चर्चला गेले. तिला मेणबत्ती लावायची होती. फादर वेदीपाशी फुलं बदलत होते. त्यांनी तिघांकडे बघितलं, बाकावर बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत. हातातले देठ त्यांनी वेदीच्या कडेला ठेवले.

“तुम्ही वर यायला हवं होतं,” शेवटी ते म्हणाले.

“फादर, देवाच्या घरात…”

“बाई, हे चर्च इथं माथ्यावर का बांधलं, ठाऊक आहे? इथं पाणी नाही. दगड वाहून आणावा लागला. खाली सपाटी होती, झरा होता. बांधणारे वेडे नव्हते.” त्यांनी दाराकडे बोट केलं. “इतर चर्चचं दार मावळतीला असतं. ह्याचं बघा. सरळ त्या दगडांवर उघडतं. माझ्या आधीचे फादर म्हणायचे, आपण इथं राखणीला आहोत. कुणाची राखण करायची, ते त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं. पण ते हेही म्हणायचे, कुणी तिथून वर यायला बघत असेल तर त्याला अडवू नका.”

तराजूच्या बायकोनं लावलेली मेणबत्ती नीट जळत होती. ती तिच्याकडे बघत बसली, आणि तिचा हात पुन्हा पुन्हा दंडाकडे जात होता.

दोन दिवस गेले. साडू तापानं पडला होता. घरात नवरा-बायको कामापुरतं बोलत. दंडावरचे वळ काळे पडले होते, पिवळे व्हायचं नाव घेत नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीची लेक दारात आली. छत्री मिटून उंबऱ्याबाहेरच घुटमळली.

“विचारू की नको असं झालंय,” ती म्हणाली. “आईनं दोन दिवस डोकं खाल्लंय. म्हणते, डोलीवाल्याच्या घरी जाऊन त्याची मुलगी बरी आहे का ते बघून ये.”

इस्त्री थांबली.

“आम्हाला मुलगी नाही,” तराजू म्हणाला.

“मीही आईला म्हटलं, त्या दिवशी खाली आलीस तेव्हा तू एकटी होतीस. तर म्हणते, नाही, मधे एक पोर येऊन बसली माझ्याजवळ. अंगावर काटा होता नुसता तिच्या. म्हणाली, पुढे माझे बाबा आहेत, मला घरी जायचंय.” लेकीनं ओठ चावले. “म्हातारं माणूस आहे हो. पण ती सारखी एकच सांगत राहते. की बसायच्या आधी त्या पोरीनं कुणाच्या तरी हातातून आपला हात सोडवून घेतला. फार जोर लावून.”

“कुणाच्या?” तराजूच्या बायकोनं विचारलं.

“तेच मी विचारलं. आई म्हणते, माणूस दिसला नाही. दोन दगडांच्या मधून नुसता हात आला होता. लांब होता, म्हणते.”

ती निघून गेली. घरात जळल्याचा वास यायला लागला. पांढऱ्या कापडावर इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला होता, चर्चच्या कापडावर, आणि तराजूच्या बायकोला त्याचं भान नव्हतं. ती दंडावरच्या पाच वळांवर आपली बोटं एकेक करून ठेवून बघत होती.

“ती घाबरली होती हो,” ती म्हणाली. “म्हणून धरलं तिनं. आणि मी… मी झटकलं.”

“ऊठ,” तराजू म्हणाला.

साडूला उठवत नव्हतं. दुसऱ्या डोलीवाल्याला काय सांगणार होते? मागचा दांडा तिनंच घेतला. खांद्यावर चर्चचंच एक कापड घडी करून ठेवलं. जन्मात कधी डोली न उचललेली बाई, पण सहाशे सतरा पायऱ्यांत तिनं एकदाही थांब म्हटलं नाही.

ढग अजून बसलेलाच होता. सकाळचे दहा वाजले होते आणि दगडांच्या गोलात संध्याकाळ होती. त्यांनी डोली टेकवली.

“चिमे,” तराजू म्हणाला. “बाबा आलाय. बस.”

झरा वाजत होता.

“बस ग माझे बाय,” ती म्हणाली. “आईचं चुकलं. ये. आई न्यायला आलीय…”

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग दोर कुरकुरले. फळी, अगदी किंचित, वाकली.

त्यांनी उचललं. अठरा. ना एक जास्त, ना एक कमी, आणि ते अठरा किलो थरथरत होते. तराजूनं वरच्या पायऱ्यांकडे पाहिलं. चर्चचं दार धुक्यात कुठंतरी उघडं असणार होतं. पण पोरीला घरी यायचं होतं. ती तसं बोलली होती. तो खाली वळला.

दहा पायऱ्या. वीस. दांडा हलायचा थांबला, आणि मग तो ओळखीचा हेलकावा आला. एक, दोन. एक, दोन. तराजूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. पन्नास पायऱ्या झाल्या.

“अहो…” मागून बायकोचा आवाज आला. अगदी बारीक.

“जड होतंय? खांदा बदलायचा?”

“नाही… जड नाही.” ती थांबून थांबून बोलत होती. “दांडा माझ्या खांद्यावर नाहीच.”

“म्हणजे?”

“वर आहे. चार बोटं वर. मी नुसता हात लावलाय…”

तराजूच्या खांद्यावर वजन तसंच होतं, अठराचं अर्धं, अचूक. मागे कुणीतरी दुसरं अर्धं उचललं होतं. दोन दगडांच्या मधून आलेला तो लांब हात त्याला आठवला. थांबायचं म्हटलं तर टेकवावी लागणार होती. टेकवली तर पोर उतरेल, की दुसरं कुणी तिला उतरवून घेईल, हे त्याला ठाऊक नव्हतं.

“मागे बघू नकोस,” तो म्हणाला.

“नाही बघत… पण अहो, ते आपल्याबरोबर पाऊल टाकतंय.”

“चालत राहा.”

हेलकावा थांबला होता. पायऱ्या धुक्यातून एकेक वर येत होत्या आणि पायाखाली जात होत्या. चारशे. तीनशे. खाली कुठंतरी कुत्रं एकदा भुंकलं आणि मधेच गप्प झालं. मग धुकं विरळ झालं, पायथ्याची छपरं दिसायला लागली, त्यांच्या घराचं उघडं दार दिसलं.

शेवटच्या शंभर पायऱ्या राहिल्या होत्या, आणि मागचं ते तिसरं पाऊल आता तराजूच्या पावलाच्या आधी पडायला लागलं होतं.